ब्रिटनच्या छोट्या बायबल कॉलेजात प्रवेश घेताय? आधी कॉलेजचं लायसन्स बघा

धर्मशिक्षणासाठी ब्रिटनला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा आपल्याच कागदांची होते. मार्क पुरेत का, बँकेत किती दाखवायचे, वगैरे. मोठ्या विद्यापीठात जायचं असेल तर ते ठीक. पण एखाद्या मंडळीनं (म्हणजे चर्चनं) किंवा ट्रस्टनं चालवलेलं स्वतंत्र बायबल कॉलेज असेल, किंवा मुंब्र्याच्या एखाद्या मुलानं निवडलेलं तिथलं दारुल उलूम, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाची संस्था असेल, तर आधी कॉलेजची पात्रता तपासायची, मग आपली.

सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कोर्ससाठी स्टुडंट व्हिसा लागतो आणि तो मिळण्यासाठी कॉलेजकडे ब्रिटिश गृहखात्याचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना, असावा लागतो. 2009 मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि 2011 पासून ती आवळत गेली. खासगी कॉलेजांना मान्यताप्राप्त संस्थेकडून शैक्षणिक तपासणी करून घेणं सक्तीचं झालं. तपासणीचा खर्च, हजेरीच्या नोंदी, गैरहजर विद्यार्थ्याची कळवणी हे सगळं पंधरा-वीस मुलांच्या कॉलेजला झेपतंच असं नाही. शिवाय कोर्सच्या शेवटी मिळणारी पदवी मान्यताप्राप्त असावी लागते. कॉलेज स्वतःच्याच लेटरहेडवर डिप्लोमा देत असेल तर शिकवणं कितीही उत्तम असो, व्हिसासाठी तो चालत नाही. म्हणून अशी बरीच कॉलेजं आपला कोर्स एखाद्या विद्यापीठाकडून मान्य करून घेतात.

तेव्हा फीचा पहिला हप्ता पाठवण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरची परवानाधारक स्पॉन्सरांची यादी उघडा. नाव आणि गाव दोन्ही जुळवा, कारण सारख्या नावाची कॉलेजं असतात. नावापुढचा दर्जाही वाचा. नियमपालनाचा 'ट्रॅक रेकॉर्ड' असलेली उच्च शिक्षण संस्था असेल तर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला 20 तास काम करता येतं आणि शिक्षणानंतर तिथेच राहून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसाही मागता येतो. साध्या लायसन्सच्या खासगी कॉलेजात यातलं काहीच नाही. 'तिकडे गेल्यावर पार्टटाइम करून भागवू' हा हिशेब तिथे चालत नाही. मंडळीतलं प्रॅक्टिकल कोर्सचाच भाग असेल तर ते चालतं, पण अशा कॉलेजात ते कोर्सच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

व्हिसा नाकारले जाण्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवण्याचं बंधनही कॉलेजवर असतं. 2025 मध्ये ही मर्यादा 10 टक्के होती. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत ती 5 टक्क्यांवर आणण्याचं सरकारनं जाहीर केलं. बारा मुलांतले दोन अर्ज फेटाळले गेले की टक्केवारी सोळाच्या वर. म्हणून छोटी कॉलेजं ऑनलाइन मुलाखतीत इतकी खोदून विचारतात. 'हाच कोर्स का, पुण्यात का नाही शिकत?' याला सरळ उत्तर तयार ठेवा.

मुलाखत पार पडली की कॉलेज 'कॅस' नंबर देतं, म्हणजे व्हिसाच्या अर्जासाठी लागणारी प्रवेशाची नोंद. मग आपली बाजू. पदवी स्तरासाठी इंग्रजी बी-2 पातळीचं, म्हणजे व्हिसासाठीच्या 'आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय' या इंग्रजी परीक्षेत प्रत्येक विभागात किमान 5.5. साधी आयेल्ट्स देऊन बसलेली मुलं इथेच अडकतात. विद्यापीठं स्वतः इंग्रजी तपासू शकतात, छोट्या कॉलेजांना ती मुभा नसते.

खरी गोची पैशांत होते. उरलेल्या फीव्यतिरिक्त राहणीखर्च दाखवायचा: नोव्हेंबर 2025 पासून लंडनमध्ये महिना 1,529 पौंड, बाहेर 1,171, जास्तीत जास्त 9 महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर 10,539 पौंड. रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी, एक दिवसही खाली गेली तर अर्ज पडतो. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं. काकांचं चालत नाही, शेअर आणि पीएफही नाही. मोडता येणारी एफडी चालते. आणि 'आमची मंडळी सगळा खर्च करेल' असं पाळकांनी दिलेलं पत्र इथे उपयोगाचं नाही, स्थानिक चर्च किंवा ट्रस्ट अधिकृत आर्थिक पुरस्कर्ता धरला जात नाही. मंडळी मदत करणार असेल तर पैसे आधी तुमच्या खात्यात येऊन 28 दिवस राहू द्या. कॉलेजनं फी माफ केली असेल किंवा हॉस्टेलचे पैसे घेतले असतील, तर ते कॅसवर लिहून घ्या.

आईवडिलांचं खातं दाखवलं की नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. जुन्या दाखल्यावर अनेकदा बाळाचं नावच नसतं, रकाना कोरा. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव नोंदवून नवा दाखला घ्या. हे काम पहिलं सुरू करा. मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं दुसरं, असं सर्रास असतं. पासपोर्टवर आहे तेच नाव कॅसवर हवं. कागद फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

याखेरीज पासपोर्ट, कॅसवर नोंदलेल्या मार्कशीट आणि टीबीचा दाखला. तो ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या क्लिनिकचाच लागतो, फॅमिली डॉक्टरचा नाही. व्हिसा फी एप्रिल 2025 च्या दरानं 524 पौंड, आरोग्य अधिभार वर्षाला 776. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, भरण्याच्या दिवशी पाहून घ्या. कोर्सच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, बायोमेट्रिकनंतर (बोटांचे ठसे आणि फोटो) निकाल साधारण तीन आठवड्यांत.

कॉलेज यादीत नसेल, पण कोर्स सहा महिन्यांच्या आतला आणि संस्था मान्यताप्राप्त असेल, तर व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं. त्यावर काम करता येत नाही आणि तिथे बसून त्याचा स्टुडंट व्हिसाही करून घेता येत नाही.