वर्तुळाकार गती आणि अभिकेंद्री बल

एखादी वस्तू एका मध्याभोवती सारखंच अंतर राखून फिरत राहिली की तिच्या गतीला वर्तुळाकार गती म्हणतात. गोफणीतला दगड, घाटातल्या वळणावरची एसटी, पृथ्वीभोवती जवळपास गोल कक्षेत फिरणारा चंद्र, सगळे याच जातीतले. असं फिरायला वस्तूला सतत मध्याकडे ओढणारं काहीतरी लागतं, त्याला अभिकेंद्री बल हे नाव आहे. पण हे कुठलं निराळं बल नाही बरं का, ते एक काम आहे आणि ते कधी दोरी करते, कधी टायर-रस्त्याचं घर्षण, कधी रूळ, कधी गुरुत्वाकर्षण. त्यामुळे कुठलंही उदाहरण घ्या, पहिला प्रश्न हाच विचारायचा की इथे आत कोण ओढतंय?

कोकणात भात लोंबीला आलं की पाखरं हाकायला गोफण फिरवतात, तिच्यात हे सगळं हाताला जाणवतं. एका दोरीचा फास बोटात अडकवलेला, दुसरी दोरी नुसती चिमटीत धरलेली, मधल्या विणलेल्या झोळीत दगड. समजा दगड १०० ग्रॅमचा आहे, हातापासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि सेकंदाला दोन फेरे मारतोय, तर त्याचा वेग होतो सेकंदाला १० मीटर आणि बोटावरची ओढ साधारण १२.६ न्यूटन, म्हणजे दगडाच्या वजनाच्या जवळजवळ तेरापट! फास बोटात रुततो तो उगाच नाही. हिशोब सोपा आहे, वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि त्रिज्येने भागायचं. वेग तेवढाच असला तरी दिशा दर क्षणाला बदलते, आणि दिशा बदलणं हेही त्वरणच (त्वरण म्हणजे वेगात किंवा त्याच्या दिशेत दर सेकंदाला होणारा बदल), म्हणून बल लागतंच.

आता दोरी सोडली की दगड कुठे जातो? बरेच जण म्हणतात बाहेरच्या बाजूला, मध्यापासून लांब. तसं होत नाही, तो त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच सरळ स्पर्शिकेने सुटतो. म्हणून डोक्यावर गोफण फिरवणारा माणूस दगड पाखरांच्या दिशेला यायची वाट बघत नाही, त्याच्या साधारण पाव फेरा आधीच दोरी सोडतो. त्याला स्पर्शिका हा शब्द माहीत नसेल, पण हाताला ती पक्की माहीत असते.

मग एसटीत वळणावर आपण बाहेर फेकले जातो ते काय? खरं म्हणजे आपलं अंग सरळच जायला बघत असतं, गाडी आपल्या खालून आत वळते आणि बाहेरच्या बाजूची खिडकी येऊन आपल्याला आत ढकलते. गाडीत बसून हिशोब मांडायचा तर एक काल्पनिक अपकेंद्री बल धरतात, ते सोयीचंही असतं, पण रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही.

आंबोली किंवा कुंभार्ली घाटात पावसात गाडी चालवणाऱ्यांनी हा पुढचा भाग नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० किलोमीटरने घेतलं तर ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण लागतं, ४० ने घेतलं तर ६.२. ओल्या सपाट रस्त्यावर घर्षण गुणांक (टायर रस्त्याला किती धरतो त्याचं माप) ०.४ धरला तर घर्षण जास्तीत जास्त ३.९ एवढं त्वरण देऊ शकतं. म्हणजे ३० ला गाडी वळते आणि फक्त दहाने स्पीड वाढवला की सरळ दरीकडे सुटते, कारण वेगाचा वर्ग होतो. वस्तुमान दोन्हीकडून कटतं, त्यामुळे ‘गाडी जड आहे, घसरणार नाही’ ही समजूत डोक्यातून काढून टाका.

रेल्वेला एवढी जोखीम परवडत नाही. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचा मार्ग ताशी १६० किलोमीटरच्या हिशोबाने आखला आणि वळणांची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी होऊ दिली नाही, इतके बोगदे आणि पूल लागले त्याचं हेही एक कारण. शिवाय वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, मग डबा आत कलतो आणि रुळांचा आधारच थोडा आतल्या बाजूला ढकलतो.

३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात वाऱ्याला आत ओढणारा होता मधला कमी दाब. दोरी नाही, रूळ नाही, नुसता हवेच्या दाबातला फरक, आणि त्याने माडा-पोफळीच्या बागा झोपवल्या.

अपकेंद्री बलाचा हिशोब ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये मांडला. अभिकेंद्री ही कल्पना न्यूटनची, १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’तली, आणि तिचा सगळ्यात सुंदर पडताळा चंद्राने दिला. माडावरून सुटलेला नारळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. गुरुत्वाकर्षणाची ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून नारळापेक्षा ६० पट लांब, म्हणजे ओढ ६० च्या वर्गाने, ३६०० पट कमी व्हायला हवी. चंद्र सेकंदाला साधारण १ किलोमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्या वेळात सरळ रेषेपासून १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. ४.९ मीटरला ३६०० ने भागून बघा, तेवढेच येतात.