कॉफीच्या पोत्यांसाठी टाकलेले रूळ

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनातून बदुल्लाला जाणारी गाडी जेमतेम २९० किलोमीटरला नऊ-दहा तास घेते, आणि तरीही तिच्या खिडकीपाशी जागा मिळवायला जगभरचे पर्यटक धडपडतात. चहाचे मळे, धबधबे, ढगात बुडालेली स्टेशनं. श्रीलंका बघायची तर रेल्वेने, असं जो तो सांगतो. पण हा मार्ग आखला गेला तेव्हा प्रवासी कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. प्रश्न होता तो कॉफीच्या पोत्यांचा.

१८१५ मध्ये कँडीचं राज्य इंग्रजांनी गिळलं आणि पुढच्या काही दशकांत डोंगरउतारांवरचं जंगल तोडून तिथे कॉफी लावली. माल कोलंबो बंदरात उतरायचा तो बैलगाड्यांनी. पावसाळ्यात गाड्या अडकत, भाडी वाढत. मळेवाल्यांनी रेल्वेसाठी धोशा लावला. १८४५ मध्ये कंपनी निघाली, १८५८ मध्ये गव्हर्नर हेन्री वॉर्डच्या हस्ते पहिली कुदळ पडली आणि मग खर्चाचे अंदाज असे फुगत गेले की १८६१ मध्ये कंपनीला नारळ देऊन सरकारनेच काम हाती घेतलं.

इथे एक ओळखीचं नाव भेटतं. १८६३ मध्ये कोलंबो-कँडी मार्गाचं कंत्राट मिळालं विल्यम फॅविएलला. मुंबई-ठाणे ही आपली पहिली रेल्वे बांधणारा कंत्राटदार तोच, आणि बोरघाटाचं काम अर्ध्यावर सोडणाराही तोच! सिलोनचं काम मात्र त्याने तडीस नेलं. २७ डिसेंबर १८६४ ला अंबेपुस्सापर्यंतच्या ५४ किलोमीटरवर पहिली गाडी धावली, १८६७ मध्ये रूळ कँडीला पोचले. रुळांची रुंदीही आपलीच, साडेपाच फूट. म्हणून भारतात बांधलेले डबे आजही तिथे जसेच्या तसे चालतात. रंबुक्कना ते कडुगन्नावा या वीसेक किलोमीटरच्या घाटात गाडी ४०० मीटरहून अधिक चढते. बोरघाटात गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं होतं. इथे कड्याला बिलगून वळणं घेत चढ साधला. डब्यातून मागे पाहिलं की आपण तासाभरापूर्वी सोडलेली भातशेती खाली दिसते, ती त्यामुळेच.

रेल्वे आली आणि कॉफी गेली. १८६९ मध्ये पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या वीसेक वर्षांत मळे उजाड झाले. ज्या वर्षी कँडीला गाडी पोचली, त्याच वर्षी जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदेरा इथे चहा लावला होता. पुढे मळेवाले चहाकडे वळले, आणि चहा आणखी उंचावर छान येतो. मग रूळही वर सरकले: नावलपिटिया १८७४, नानू ओया १८८५, बंडारवेला १८९४. वाटेतलं पट्टिपोला समुद्रसपाटीपासून जवळपास १,९०० मीटरवर आहे. आज फोटोत जी हिरवी शोभा दिसते, तिथे पानं खुडणारे हात मुख्यतः दक्षिण भारतातून आणलेल्या तमिळ मजुरांचे. पर्यटन पत्रकांत हे सहसा येत नाही.

शेवटचा तुकडा सगळ्यांत रेंगाळला. बदुल्लाला गाडी पोचली ती १९२४ मध्ये. मधे पहिलं महायुद्ध झालं. एल्ला आणि देमोदराच्या मधला नऊ कमानींचा पूल १९२१ चा; पोलाद युद्धाकडे वळवल्यामुळे तो नुसत्या दगड-विटा-सिमेंटवर उभारला, असं सांगतात. देमोदराला तर उतार एकदम एवढा की लोहमार्ग स्टेशनातून निघून डोंगराला वळसा घालतो आणि त्याच स्टेशनाखालच्या बोगद्यातून बाहेर पडतो. मळ्यावरच्या एका मुकादमाला फेटा सोडून पुन्हा बांधताना पाहून इंजिनिअरला ही युक्ती सुचली, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, सांगायला झकास आहे.

किनाऱ्याचा मार्ग सपाट आणि सोपा, १८९५ मध्ये मातरापर्यंत गेला. त्याच्यावर २००४ च्या त्सुनामीची जखम आहे: पेरलिया गावाजवळ लाटेने अख्खी गाडी उलथवली, हजाराहून कितीतरी जास्त माणसं गेली. उत्तरेचा जाफना मार्ग यादवी युद्धात १९९० पासून बंद होता. तो इरकॉन या भारत सरकारच्या रेल्वे-बांधकाम कंपनीने नव्याने बांधून दिला आणि २०१४ मध्ये जाफन्याला पुन्हा गाडी लागली.

प्रवाशांकडे रेल्वेचं खरं लक्ष गेलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५५ मध्ये बी. डी. रामपाल महाव्यवस्थापक झाले. त्यांच्या काळात डिझेल इंजिनं आली आणि एक्स्प्रेस गाड्यांना नावं मिळाली: उदरट मेणिके (म्हणजे डोंगरप्रदेशातली कुलीन स्त्री), रुहुणु कुमारी, याळ देवी. डोंगरातल्या एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर वेताच्या कड्यात अडकवलेली टॅब्लेट, म्हणजे पुढे जायच्या परवान्याची धातूची चकती, चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो, आपल्याकडे पूर्वी गोळा द्यायचे तसंच. ती हातात असल्याखेरीज पुढच्या टप्प्यात शिरायचं नाही. चहा मात्र आता बहुतेक लॉरीनेच खाली उतरतो.