स्पीकर घ्यायचाय? आधी पडद्यामागून ऐका

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली कंपनी चांगली?" दुसराही ठरलेला: "वॉट किती?" मग थोडं इकडंतिकडं बघून झालं की हळू आवाजात तिसरं वाक्य येतं, "आम्हाला त्यातलं काय कळत नाही हो, तुम्हीच सांगा एखादा."

हे पत्रक त्या तिसऱ्या वाक्यासाठी छापलंय.

आमचं दुकान सांगलीत, मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरा बघायला गेलेली माणसं घोडीवरचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुली लागली की बंद, हे ऐकून सांगतात. भजनी मंडळातल्या कुणालाही विचारा, आपले टाळ शेजारच्या गावच्या टाळांपेक्षा गोड का, हे तो तुम्हाला चहा संपेपर्यंत सांगेल. असे कान असलेला माणूस आमच्या काउंटरवर येऊन "कळत नाही" म्हणतो, तेव्हा आम्हालाच ओशाळल्यासारखं होतं. कॅटलॉगमधले आकडे त्याला कळत नसतील. आवाज कळतो.

कंपनीच्या नावावरून काय कळतं

काहीच कळत नाही असं नाही. मूळ स्पीकर कशासाठी केला होता, ते कळतं.

१९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनियरांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा छोटा स्पीकर हवा होता. माणसाचा आवाज बिघडला तर तो चटकन कळायला हवा, ही मुख्य गरज. त्यातून जेमतेम फूटभर उंचीचा एलएस३/५ए तयार झाला. आतले वूफर (खालचे सूर काढणारा भाग) आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा) केईएफ कंपनीचे. पुढे रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ आणि स्वतः केईएफ यांनी बीबीसीच्या परवान्याने तो बनवला. ख्याल, भावगीत, नाट्यगीत, बातम्या ऐकणाऱ्याला या घराण्याचे स्पीकर अजूनही भावतात. गाणारा खोलीत बसल्यासारखा वाटतो. मात्र ढोलकीची थाप छातीवर यावी अशी अपेक्षा असेल, तर एवढ्याशा पेटीकडून ती पुरी होत नाही.

क्लिप्श हे दुसरं टोक. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत अर्कान्सासमधल्या होप या गावी कंपनी काढली ती हॉर्नच्या, म्हणजे आपल्या भाषेत कर्ण्याच्या, जोरावर. कर्णा थोड्या विजेत भरपूर आवाज देतो. गाणं समोर येऊन उभं राहतं. लावणी, ढोल-ताशा, सिनेमा यांत मजा येते. काहींना तासाभराने तोच पुढं येणारा आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो. दोन्ही माणसं खरंच सांगत असतात.

यामाहाच्या एनएस-१०ची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडते. १९७८ मध्ये तो घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला आणि घरात कुणाला फारसा आवडला नाही. पण रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी तो स्टुडिओत टेबलावर ठेवला, कारण मिक्सिंगमधल्या चुका तो झाकत नव्हता. त्याचे पांढरे वूफर जगभरच्या स्टुडिओंच्या फोटोंत दिसतात. कामावर चुका दाखवणारा सहकारी हवाच असतो, पण रोज रात्री जेवायला त्यालाच घरी कोण बोलावणार?

आता दुसरी बाजू. जेबीएल आणि इन्फिनिटी ही नावं हार्मन या अमेरिकी कंपनीची आहेत, आणि हार्मन २०१७ पासून सॅमसंगची. २०२५ मध्ये हार्मननेच बॉवर्स अँड विल्किन्स आणि पोल्क घेतले. वॉर्फडेल, क्वाड आणि मिशन ही तीन जुनी इंग्लिश नावंसुद्धा आज एकाच चिनी समूहाकडं आहेत. तेव्हा "जेबीएल बरा की पोल्क?" या प्रश्नावर मित्रांशी भांडण्याआधी ध्यानात घ्या, त्या आता एकाच घरातल्या जावा आहेत. शिवाय एकाच कंपनीच्या वीस हजारांच्या आणि दीड लाखांच्या जोडात जेवढं अंतर असतं, तेवढं दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकाच किमतीच्या जोडांत बहुतेक वेळा आम्हाला ऐकू येत नाही. नावाचा उपयोग पन्नासातले तीन निवडण्यापुरता करा.

आमच्याकडं पडदा कशाला?

हार्मनमधले फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून. पडद्याआडून एका छोट्या, स्वस्त संचाला चांगले गुण मिळाले होते. समोर दिसल्यावर तेच गुण घसरले, आणि मोठ्या, महागड्या पेट्यांचे वाढले. खोलीत स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात पडणारा फरकही पडद्याआडून कळत होता. डोळे उघडे असताना त्याकडं जवळजवळ कुणाचं लक्ष गेलं नाही. यात मुरलेले ऐकणारेही होते.

म्हणून स्वतःच्या आवडीवर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणतो, तेव्हा कानाच्या आवडीबद्दल बोलत असतो. डोळ्याला लाकडाची पॉलिश आवडते, खिशाला किंमत आठवत असते आणि मनात मेहुण्याने सांगितलेलं नाव घोळत असतं. हे तिघं बाजूला काढायला आम्ही ऐकायच्या खोलीत पातळ सुती पडदा लावलाय. त्याच्यामागं तुम्ही निवडलेले दोन जोड ठेवतो. 'अ' आणि 'ब', एवढंच सांगतो.

पडद्याचा पहिला दणका आम्हालाच बसला. गेली कित्येक वर्षं एक जोड आम्ही ग्राहकांना "ठीक आहे, पण त्यात दम नाही" म्हणून सांगत होतो. मुलाने एका रविवारी मालकांना पडद्यासमोर बसवलं, आणि मालकांनी तीनदा तोच जोड निवडला. सोमवारी दुकान उघडल्यावर मालक बराच वेळ बिलबुकच चाळत होते.

दुसरी खबरदारी आवाजाच्या पातळीची. दोन स्पीकरांत एक डेसिबलचा (आवाजाच्या पातळीचं माप) फरक असला, तरी तो मोठा आवाज म्हणून जाणवत नाही; मोठा असणारा नुसता "जास्त स्वच्छ", "जास्त भरलेला" वाटतो. या धंद्यातला हा सगळ्यात जुना खेळ आहे. महागडा जोड लावताना बटण जरासं पुढं करायचं, बाकी काही बोलायची गरज पडत नाही. कधी दुकानदाराच्या मनात काही नसतानाही हे घडतं, कारण बटण जिथल्या तिथं ठेवलं तरी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे ठरावीक विजेत तेवढा आवाज देणारा) स्पीकर ८४च्या स्पीकरपेक्षा सहा डेसिबल मोठा वाजतो. तेवढंच ऐकू यायला दुसऱ्याला चौपट वीज लागते. आमच्याकडं दोन्ही जोड मीटरवर मोजून एका पातळीला आणतो. मीटर तुमच्या हातात देतो. दुसऱ्या दुकानात गेलात तरी हे करून घ्या, लाजू नका.

काय घेऊन यावं

दुकानातलं चकचकीत डेमो संगीत ऐकू नका. ते सगळ्याच स्पीकरांवर छान वाजतं. तुम्हाला तोंडपाठ असलेलं, श्वास कुठं घेतलाय हेही माहीत असलेलं रेकॉर्डिंग आणा.

त्यात तीन गोष्टी असल्या तर उत्तम. एक म्हणजे तंबोरा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक असेल तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९च्या आसपास. चार-पाच इंची वूफरच्या छोट्या पेटीला इथंच दम लागतो. गंमत अशी, की तरीही खर्ज ऐकू येतो. तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांवरून कान खालचा षड्ज स्वतःच भरून काढतो. म्हणजे छोट्या स्पीकरवर खर्ज समजतो, मोठ्यावर तो अंगाला जाणवतो. या जाणवण्याला किती पैसे मोजायचे, ते तुम्ही ठरवायचं. जवारीकडं मात्र नीट कान द्या. चार तारांचा झंकार एकात एक मिसळत वर जातो की वाळू चाळल्यासारखी नुसती सळसळ येते?

दुसरे टाळ. ट्वीटरची एवढी कठोर परीक्षा दुसरं कुठलंही वाद्य घेत नाही. चांगल्या स्पीकरवर टाळ पितळेचे वाटतात, वाईटावर पत्र्याचे.

तिसरं साधं बोलणं. कीर्तन, बातम्या किंवा तुमच्याच घरातल्या माणसाचा फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. आईचा आवाज कसा आहे हे तुम्हाला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त माहीत आहे.

जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं आणलंत तर त्यातली खरखर स्पीकरच्या माथी मारू नका. आणि हळू आवाजातही ऐका. घरी रात्री साडेदहानंतर तेवढ्याच आवाजात ऐकणार आहात.

तुमचे शब्द वापरा

ग्राहक कॅटलॉगमधले शब्द शोधायला लागला की अडखळतो. तसं करू नका. मराठीत बोला, आम्हाला नेमकं कळतं. "घुमतोय" म्हणालात तर आमचं लक्ष ६० ते १५० हर्ट्झच्या भागाकडं आणि खोलीच्या कोपऱ्याकडं जातं. "डब्यातून बोलतोय" म्हणजे पेटीच्या लाकडी भिंती स्वतःच थरथरत असाव्यात. "नाकातून गातोय" ही तक्रार हजार हर्ट्झच्या आसपासची. "टोचतोय", "चिरका आहे" हे बहुधा दोन ते पाच हजारांमधलं. कान तिथंच सगळ्यात हळवा असतो. "स आणि श फुसफुसतात" म्हटलं की पाच ते आठ हजार. "पोकळ आहे" या शब्दावर आम्ही आधी मागं जाऊन वायरी बघतो. एका स्पीकरची अधिक-उणे उलटी जोडली गेली असेल तर बेस गळून जातो आणि गाणारा मधोमध उभा राहायचा सोडून दोन्हीकडं विखुरतो. घरी असं वाटलं तर आम्हाला फोन करण्याआधी तेच तपासा.

"गोड आहे" हा शब्द मात्र आम्हाला कुठल्याच आकड्यात बसवता आलेला नाही. कुणी तसं म्हणालं की आम्ही बिल करायला घेतो.

तुमची खोली

दुकानात आवडलेला स्पीकर घरी गेल्यावर वेगळा का वाटतो? बहुतेक वेळा खोलीमुळं. १२ बाय १० फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेने ४७ हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला आवाज भिंतींत अडकून फुगतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की हा फुगवटा आणखी वाढतो. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं आणा. मागे भोक असलेली पेटी असेल आणि जागाच नसेल, तर त्या भोकात स्पंजचा बोळा घाला. मोजे कोंबले तरी चालतात, आम्ही कोंबलेत.

नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चकचकीत फरशी, काचेचा सरकता दरवाजा आणि उघड्या भिंती असतात. मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण आली तर महागडा स्पीकर घेण्याआधी जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट यांचा विचार करा. हे आम्ही विकत नाही, तरी सांगतोय.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा, हा नियम बरोबर आहे. पण स्टँड सोफ्याच्या हिशेबाने केलेले असतात. सोफ्यावर कान साधारण सव्वातीन-साडेतीन फुटांवर येतो, भारतीय बैठकीवर अडीच फुटांच्या आसपास. तुम्ही गादी-लोडावर बसून ऐकणार असाल तर तसं सांगा, बुटके स्टँड सुताराकडून करून देतो.

वॉट आणि वायरी

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'दोन हजार वॉट पीएमपीओ', म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा, छापलेलं असायचं. त्या आकड्याला अर्थ नव्हता. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, बघा, आणि त्यावरही फार अडकू नका. ५० वॉटच्या जागी १०० घेतलेत तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. वायर तांब्याची, पुरेशी जाड आणि नीट घट्ट बसवलेली असावी. यापलीकडं वायरीवर पैसे घालवायचे असतील तर आमची हरकत नाही, पण सल्लाही नाही.

घरी नेऊन ऐकणं

पडद्यामागून निवडलेला जोड अनामत ठेवून तीन दिवस घरी न्या. पहिल्या दिवशी मत बनवू नका, नवेपणाने कान दिपलेला असतो. तिसऱ्या दिवशी एकच बघा: गाणं संपल्यावर तुम्ही पुढचं लावलंत, की बंद करून उठलात? घरातल्या ज्येष्ठांनाही विचारा. वय वाढतं तसं वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. मुलाला टोचणारा स्पीकर आजोबांना स्पष्ट वाटू शकतो. हॉलमध्ये दिवसभर आजोबाच बसणार असतील तर त्यांचं मत धरा.

परत आणलात तरी आम्ही तोंड पाडत नाही. डब्यात थर्माकोल आणि प्लास्टिकची पिशवी मात्र जशीच्या तशी हवी.

ऐकायची खोली एकच आहे, तेव्हा आदल्या दिवशी सांगून या आणि निदान तास काढून या. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावरची वर्दळ कमी होते, ती वेळ उत्तम. गणपतीचे दहा दिवस पडदा बंद असतो. समोरच मंडळाचा मांडव पडतो, आणि त्या भोंग्यांपुढं आमच्या दुकानातला कुठलाच स्पीकर ऐकू येत नाही.