बी-2737 : एका जुन्या लंडन बसच्या जीर्णोद्धारामागचा इतिहास
लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमने 2014 मध्ये पुन्हा रस्त्यावर आणलेली बी-2737 ही दुमजली बस मुळात 1914 साली बांधलेली. तिच्या जीर्णोद्धाराला तज्ज्ञ कारागिरांबरोबर संग्रहालयाच्या स्वयंसेवकांचाही हातभार लागला. शंभर वर्षांनंतर हे काम शक्य झाले, त्याचे एक मोठे कारण या बसच्या मूळ घडणीत सापडते.

बी-2737 ही लंडन जनरल ऑम्निबस कंपनीच्या ‘बी-टाइप’ बसपैकी एक. ही ‘बी-टाइप’ बस ऑक्टोबर 1910 मध्ये धावू लागली आणि अवघ्या वर्षभरात कंपनीने आपली शेवटची घोड्यांची बस बंद केली. बी-टाइपची चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, ॲश या झाडाच्या लाकडाची असून तिला पोलादी पट्ट्यांची जोड होती, गिअरबॉक्समध्ये साखळ्या होत्या, टायर भरीव रबराचे होते आणि 34 आसनांपैकी वरच्या मजल्यावरच्या 18 जणांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचे सुटे भाग एका मापाचे होते. लंडनमधील वॉल्थमस्टोच्या कारखान्यातून अशा अडीच हजारांहून अधिक बस बाहेर पडल्या आणि मोठ्या दुरुस्तीच्या वेळी एकीची बॉडी दुसरीच्या चासीवर चढवणे हा नित्याचा प्रघात होता. म्हणूनच बी-2737 सारख्या, वेगवेगळ्या गाड्यांचे अवशेष जुळवून उभ्या केलेल्या बसला ‘खरी नव्हे’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ही बस तिच्या उमेदीच्या काळातही अशीच जगली.

पहिल्या महायुद्धात हजाराच्या आसपास लंडन बस सैन्याकडे गेल्या. त्यांना खाकी रंग दिला गेला, काचा काढून फळ्या ठोकल्या गेल्या आणि एकेका बसमधून सरंजामासह सुमारे 24 सैनिक आघाडीकडे जाऊ लागले. ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या परिसरात भारतीय सैनिकांनाही मोटारबसमधूनच नेण्यात आले होते.

जुन्या बस भंगारातून वाचवण्याची ब्रिटनमधील लोकचळवळ मात्र बरीच नंतरची. 1956 मध्ये काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन टी-31 ही 1929 सालची एकमजली बस विकत घेतली. पुढे अशा प्रयत्नांतून स्वयंसेवकांनी चालवलेली संग्रहालयेच उभी राहिली. टी-31 आज इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील अशाच एका संग्रहालयात आहे. गंजलेला पत्रा सोलून आतली कुजलेली लाकडी चौकट नमुन्याबरहुकूम नव्याने घडवणे, हे वेळखाऊ काम या लोकांनी सुट्टीच्या दिवसांत, विनामोबदला केले आहे.

बी-2737 आधी कंपनीच्या लाल रंगात सजली. त्यानंतर सप्टेंबर 2014 मध्ये तिला खाकी रूप देण्यात आले आणि ती स्वतःच्या चाकांवर फ्रान्स व बेल्जियममधील युद्धभूमीवर फिरून आली.