दोन चुली, एक चाकरमानी

गिरणगावात एखादा आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळला की गाळ्यातले सोबती त्याची वळकटी बांधायला घ्यायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीत, घाटावरचा असेल तर गाडीत बसवून त्याला गावी धाडायचे. दवाखाने मुंबईत होते, पण आजारपण काढायला लागणारं माणूस गावी होतं. पेज करून देणारी आई, रात्री उठून पाणी देणारी बायको. घर आणि तब्येत यांचं नातं समजून घ्यायचं, तर या दुभंगलेल्या संसाराचा इतिहास पाहायला हवा.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा भोंग्यांवर चालू लागला. कोकणातून, साताऱ्या-पुण्याकडून तरणे पुरुष आले. बायका-मुलं मागेच राहिली, कारण पगारात शहरातला संसार बसत नव्हता आणि गावची जमीन कुणीतरी कसायची होती. १९२०च्या आसपास मुंबईत साधारण दोन पुरुषांमागे एक बाई, असं प्रमाण होतं. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण राहायचे. पहिल्या पाळीचा कामावर गेला की त्याच्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन पडायचा. कापसाच्या तंतूंनी छाती भरायची, सुटीनंतर पहिल्या दिवशी श्वास जास्त कोंडायचा. अशा शरीराला विश्रांती मिळणार कुठे?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर खानावळीत होतं. चाळीतली एखादी बाई, बहुतेक वेळा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, दहा-वीस गडी जेवायला ठेवायची. महिन्याचा हिशेब पगारावर व्हायचा. पाळीप्रमाणे ताट मांडणं, कुणाला तिखट सोसत नाही हे लक्षात ठेवणं, ताप असला तर भाकरीऐवजी मऊ भात देणं, ही खरं तर घरच्या माणसाची कामं. ती एका परक्या बाईने, पैशाच्या व्यवहारात राहून, वर्षानुवर्षं केली. गिरणी कामगाराच्या आरोग्याबद्दल बोलताना आपण या बाईला फार क्वचित आठवतो, आणि मला तो अन्याय वाटतो. पहाटे चारला पेटलेल्या चुलीचा धूर तिच्याही छातीत जात होता. शिवाय वाण्याचं आणि सावकाराचं देणं तिच्या डोक्यावर असायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग गावात होता. शिमगा आणि गणपतीची रजा म्हणजे शरीराची डागडुजी. बाळंतपणालाही बाई गावचीच वाट धरायची. पण या व्यवस्थेची किंमत गावाने मोजली. मुंबईत जडलेला क्षय वळकटीबरोबर घरी यायचा आणि शुश्रूषा करणाऱ्या बायकोलाच लागायचा. नवरा मनीऑर्डर धाडायचा, शेती, गुरं, सासू-सासरे, पोरं तिच्या अंगावर. ती आजारी पडली तर तिला धाडायला दुसरं गाव नव्हतं.

सरकारी उपाय आले, तेही उशिरा. १९२०च्या दशकात बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या गेल्या. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा आला. पुढे ज्यांना खोली मिळाली त्यांनी बायको-मुलं आणली, आणि एकाच चुलीवरचा संसार काहींच्या वाट्याला आला.

घरच्या आधाराचा हा परिणाम संशोधकांनी मोजला तो बराच नंतर. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ पासून सुमारे सात हजार प्रौढांचा नऊ वर्षं माग ठेवला होता. १९७९ साली लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी त्यातून दाखवलं, की जोडीदार, नातलग, मित्र यांचे धागे ज्यांचे कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त. सवयी आणि सांपत्तिक स्थिती जमेस धरूनही हा फरक उरला.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. खानावळीतली ताटं कमी होत गेली. उधारी किती दिवस चालणार? हजारो चाकरमानी गावाकडे वळले. तीस-तीस वर्षं जे घरात वर्षातून दोनदा पाहुण्यासारखे यायचे, ते आता कायमचे ओटीवर बसले. त्यांना इतकी वर्षं बरं करून परत पाठवणारं घर तेच होतं, फक्त आता तिथे मनीऑर्डर येत नव्हती.