एरियल मोहीम

एरियल मोहीम : (१५ ते २५ जून १९४०). दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पाडाव होत असताना त्या देशाच्या पश्चिमेकडील बंदरांतून ब्रिटिश, पोलिश व अन्य मित्रराष्ट्रीय सैनिकांना समुद्रमार्गे इंग्लंडला हलविण्यासाठी ब्रिटिश नौदलाने केलेली कारवाई. उत्तर फ्रान्समधील डंकर्क बंदरातून ४ जून १९४० पर्यंत ३,३८,२२६ सैनिकांची सुटका झाली आणि तिथेच ब्रिटिश फौजेचे फ्रान्समधील पर्व संपले, असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात सोम नदीच्या दक्षिणेला एक लाखाहून अधिक ब्रिटिश सैनिक अद्याप शिल्लक होते. त्यांत लढाऊ दळांबरोबरच कोठारे, कार्यशाळा, रुग्णालये, रेल्वे व गोदी सांभाळणाऱ्या पिछाडीच्या माणसांचा मोठा भरणा होता. ही माणसे शत्रूच्या हाती पडली असती, तर इंग्लंडला नवे सैन्य उभे करणे अतिशय जड गेले असते. म्हणून या मोहिमेचे महत्त्व डंकर्कच्या छायेत झाकून टाकण्याजोगे नाही.

मोहिमेआधी १० ते १३ जून या काळात ल हाव्र बंदराच्या परिसरातून सैन्य काढण्याचा स्वतंत्र प्रयत्न झाला होता. ल हाव्रहून ११,०५९ ब्रिटिश सैनिक निघाले, मात्र सँ व्हॅलेरी-आं-को येथे कोंडलेल्या ५१ व्या हायलँड डिव्हिजन या ब्रिटिश (स्कॉटिश) तुकडीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. दाट धुक्यामुळे ११ जूनच्या रात्री जहाजांना किनारा गाठता आला नाही. कड्यांवर जर्मन तोफा येऊन बसल्या आणि १२ जूनला मेजर जनरल व्हिक्टर फॉर्च्यून यांनी जर्मन सेनानी रोमेल यांच्यापुढे शरणागती पत्करली. शेजारच्या व्हल-ले-रोझ या खेड्याच्या किनाऱ्यावरून सुमारे ३,३०० ब्रिटिश व फ्रेंच सैनिक तेवढे वाचले.

डंकर्कहून परतलेले जनरल ॲलन ब्रुक यांना दुसऱ्यांदा फ्रान्सला धाडण्यात आले. फ्रेंच सेनापती व्हेगां यांची भेट घेतल्यावर संघटित प्रतिकार संपल्यात जमा आहे, अशी त्यांची खात्री पटली. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी द्वीपकल्पात शेवटचा मोर्चा बांधण्याची कल्पना तेव्हा चर्चेत होती, पण तिच्यासाठी लागणारे सैन्यच उरले नव्हते. १४ जूनच्या रात्री ब्रुक यांनी दूरध्वनीवरून चर्चिल यांना हे निक्षून सांगितले आणि बऱ्याच वादानंतर माघारीला संमती मिळविली. त्या एका संभाषणाने फार मोठी हानी टळली, असे म्हणावे लागते.

शेर्बूर व सँ मालो या बंदरांची जबाबदारी पोर्टस्मथचे ॲडमिरल विल्यम जेम्स यांच्याकडे, तर ब्रेस्तपासून स्पेनच्या सीमेपर्यंतच्या बंदरांची जबाबदारी प्लिमथचे ॲडमिरल मार्टिन डनबार-नेस्मिथ यांच्याकडे होती. डंकर्कला उघड्या वाळूवरून होड्यांनी माणसे उचलावी लागली होती. इथे धक्के, याऱ्या व रेल्वे शाबूत असल्याने तोफा आणि वाहनेही जहाजांवर चढविता आली. शेर्बूरहून सुमारे ३०,६०० आणि सँ मालोहून सुमारे २१,५०० लोक निघाले. सँ मालोला जर्सी बेटावरील हौशी नाविकांच्या होड्याही मदतीला धावून आल्या होत्या. ब्रेस्तला मात्र शत्रू अगदी जवळ आल्याच्या समजुतीने घाई झाली आणि पुष्कळ साहित्य मागे टाकले गेले.

मोहिमेतील सर्वांत भीषण प्रसंग ल्वार नदीच्या मुखाशी, सँ नाझेरजवळ घडला. मोठ्या जहाजांना बंदरात शिरणे अवघड असल्याने ती किनाऱ्यापासून काही मैलांवर नांगरून ठेवलेली होती आणि लहान बोटी माणसे त्यांच्यापर्यंत पोहोचवत होत्या. १७ जूनला क्यूनार्ड कंपनीचे १६,२४३ टनी ‘लँकॅस्ट्रिया’ हे प्रवासी जहाज असेच भरत होते. एरवी सुमारे २,२०० माणसे नेणाऱ्या या जहाजावर सैनिक, विमानदलाचे कर्मचारी आणि बायका-मुलांसह नागरिक मिळून किमान ६,००० जण चढले असावेत. नेमकी मोजदाद राहिलीच नाही. जहाज भरल्यावर निघून जाण्याची सूचना कप्तान रुडॉल्फ शार्प यांना मिळाली होती, परंतु संरक्षक विनाशिकेविना पाणबुड्यांच्या तोंडी जाणे त्यांना धोक्याचे वाटले आणि ते थांबले. दुपारी पावणेचारच्या सुमारास जर्मन युंकर्स विमानांचे बाँब जहाजावर पडले. अवघ्या वीस मिनिटांत ते उलटून बुडाले. फुटलेल्या टाक्यांतील तेलाचा जाड थर पाण्यावर पसरला, पोहणाऱ्यांचे डोळे-नाक त्यात माखले, जीवरक्षक पट्टे सर्वांना पुरले नाहीत. सुमारे २,४७७ जण वाचले. मृतांचे अंदाज ३,००० पासून त्याच्या दुपटीपर्यंत जातात. कोणताही आकडा धरला, तरी ब्रिटिश सागरी इतिहासात एका जहाजावर एवढी मनुष्यहानी अन्यत्र झालेली नाही. पुढे कित्येक आठवडे किनाऱ्याला लागणारे मृतदेह परिसरातील फ्रेंच गावकऱ्यांनी आपल्या दफनभूमींत पुरले, ही गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे.

त्याच दिवशी फ्रान्सचे नवे पंतप्रधान पेतँ यांनी तहाची याचना जाहीर केली होती. आणखी एक वाईट बातमी जनतेला झेपणार नाही, असे वाटून चर्चिल यांनी या दुर्घटनेच्या प्रसिद्धीवर बंदी घातली. जुलैच्या अखेरीस अमेरिकी वृत्तपत्रांतून ती फुटली, तोवर अनेक कुटुंबांना आपला माणूस कुठे नाहीसा झाला याचा पत्ताच नव्हता. युद्धकाळातील गुप्ततेची गरज मान्य केली, तरी वाचलेल्यांवर लादलेले हे मौन अन्यायकारकच होते.

सँ नाझेरहून निघालेल्यांत भारतीय सैनिकही होते. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून खेचरांसह फ्रान्सला गेलेल्या भारतीय सेना सेवा दलाच्या तुकड्यांपैकी काही डंकर्कमार्गे व एक सँ नाझेरमार्गे इंग्लंडला पोहोचली. एक तुकडी मात्र जर्मनांच्या हाती लागली.

दक्षिणेकडे ला पालिस, बोर्दो, बायोन आणि सँ-झां-द-ल्यूझ येथून शेवटचा टप्पा पार पडला. सँ-झां-द-ल्यूझ व बायोन येथे प्रामुख्याने पोलिश सैनिक जमले होते, आणि त्यांना नेणाऱ्या जहाजांत ‘बातोरी’ व ‘सोबिएस्की’ ही पोलिश जहाजे होती. फ्रान्स व जर्मनी यांच्यातील युद्धविराम २४ जूनची मध्यरात्र उलटताच, २५ जूनला लागू झाला. तरीही त्या दुपारपर्यंत सैनिक चढविण्याचे काम चालूच होते. डंकर्कनंतर फ्रान्समधून हलविलेल्यांची एकूण संख्या १,९१,८७० भरते. त्यांत १,४४,१७१ ब्रिटिश, २४,३५२ पोलिश, १८,२४६ फ्रेंच, ४,९३८ चेक आणि १६३ बेल्जियन होते. त्यांच्याबरोबर ३१० तोफा आणि २,२९२ वाहने परत आली. इंग्लंडला पोहोचलेल्या पोलिश सैनिकांची स्कॉटलंडमध्ये नव्याने बांधणी होऊन पूर्व किनाऱ्याच्या संरक्षणाचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले.