ग्लायफोसेट : परवाना चहाला, फवारणी कपाशीत

विदर्भातल्या कपाशीच्या वावरात आज सर्रास मारलं जाणारं ग्लायफोसेट हे तणनाशक मुळात शेतीसाठी शोधलेलंच नव्हतं. १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीत ते पहिल्यांदा तयार झालं, पण औषध म्हणून काही उपयोग दिसेना. १९७० मध्ये अमेरिकेत मोन्सॅन्टो कंपनीच्या जॉन फ्रान्झ यांना त्याचा तण मारण्याचा गुण सापडला आणि १९७४ मध्ये ते ‘राउंडअप’ या नावानं बाजारात आलं.

पानावर पडलेलं हे औषध मुळापर्यंत उतरतं आणि झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. चिवट हराळीसुद्धा हळूहळू पिवळी पडून वाळते. माणसाच्या शरीरात हे विकर नाही, म्हणून ‘माणसाला धोका नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण बाटलीत एकटं ग्लायफोसेट नसतं. ते पानात शिरावं म्हणून मिसळलेलं पीओईए हे द्रव्य मासे-बेडकांना मूळ रसायनाहून घातक निघालं. युरोपीय संघानं २०१६ मध्ये ग्लायफोसेटबरोबर त्याचा वापर बंद केला.

खरा खप वाढला तो बियाण्यामुळे. १९९६ मध्ये अमेरिकेत या फवाऱ्याला दाद न देणारं जनुकबदल सोयाबीन आलं. उभ्या पिकावरून फवारा, तण मरेल, पीक टिकेल. दहा वर्षांच्या आत तिथे ग्लायफोसेटला न जुमानणारं राजगिऱ्याच्या जातीचं तण उभं राहिलं. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ज्या रुईच्या कुळातल्या झाडांवर जगतात, तीही शेतांतून नाहीशी होत गेली.

मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ म्हटलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांना ते पटलं नाही, आणि युरोपनं २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची मुदतवाढ दिली. तरी मोन्सॅन्टो विकत घेणाऱ्या बायरला अमेरिकेतल्या हजारो दाव्यांपोटी १० अब्ज डॉलरहून मोठी तडजोड करावी लागली.

आपल्याकडे ग्लायफोसेटला परवानगी होती ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांसाठी. फवाऱ्याला दाद न देणाऱ्या कपाशीचा मंजुरीसाठीचा अर्ज २०१६ मध्ये महिको या बियाणे कंपनीनं मागे घेतला. बियाणं मात्र गावोगाव पोहोचलं, ‘चोर बीटी’ या नावानं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पावसाची झड लागली की डवरा (कोळपं) चालत नाही, निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही.

तरीही या सोयीची किंमत मोजणारे वेगळेच आहेत. निंदणाला जाणाऱ्या बायकांचा रोज बुडतो. त्या धुऱ्यावरून, तासांतून तांदुळजा, घोळ, केना खुडून संध्याकाळच्या भाजीला नेत. फवारलेल्या वावरात ती भाजी उरत नाही. कपाशीत तुरीचं तास घ्यायचं तर तेही फवाऱ्यापासून झाकून जपावं लागतं, कारण तुरीला हे औषध सोसत नाही. आणि पंप पाठीवर घेणारा माणूस बहुतेक वेळा अनवाणी, हातमोज्यांशिवाय असतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली : ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकानंच फवारावं. असा परवानाधारक खेड्यात कुठून आणायचा, याचं उत्तर अधिसूचनेत नाही. मंजुरी नसल्यामुळे कपाशीत किती मारायचं, वेचणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे बाटलीवर अधिकृतपणे छापताच येत नाही. शेतकरी मात्रा विचारतो ती कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर.